तपासू देणारा डॉक्टर

गेल्या अंकात लहान मुलांच्या दातांवर लिहिलं, त्यानंतर बरीच पत्रं आली. विषय वेगवेगळे असले तरी त्यांतला प्रश्न एकच होता : दातांचा डॉक्टर भरवशाचा आहे हे ओळखायचं कसं? सांगलीत विश्रामबागेत मी ३१ वर्षं दवाखाना चालवला आणि दोन वर्षांपूर्वी बंद केला. आता खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसायची वेळ माझ्यावरही येते. त्यामुळे यावेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्रात खूप काही आहे, म्हणून त्याचं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आम्ही तासगाव तालुक्यातले. चार एकर द्राक्षबाग आहे. सासूबाईंचं वय ६३. उजवीकडची खालची दाढ रात्री ठणकते म्हणून त्यांना सांगलीत एका दवाखान्यात नेलं. तिथं सगळ्या तोंडाचा मोठा एक्स-रे काढला आणि सांगितलं, सात दातांचं रूट कॅनाल, सात कॅप, ५८ हजार रुपये. आजच निम्मे भरले तर पाच हजार सूट. आम्ही विचार करून सांगतो म्हणून परत आलो. गावाजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे न बघता सांगितलं, एक दाढ काढा, दोन ठिकाणी सिमेंट भरा, बाकी काही नको. आता खरं कोण बोलतंय? छाटणीत आणि औषधात पैसे अडकलेत. सासूबाई म्हणतात, सगळेच दात काढून कवळी करा, रोजची कटकट नको.

उत्तर : ताई, आधी त्या ठणकणाऱ्या दाढेचं बघू. गार पाणी लागल्यावर कळ येते आणि पाणी गिळलं की थांबते, असं असेल तर बहुतेक वेळा दाढ भरून भागतं. पण कळ कितीतरी वेळ टिकते, गरम चहानंही ठणकतं, रात्री झोपेतून उठवतं, तेव्हा आतली नस सुजलेली असते आणि ती परत पहिल्यासारखी होत नाही. मग रूट कॅनाल करायचं, म्हणजे ती नस काढून मुळातली नळी भरायची, किंवा दाढ काढायची, एवढेच दोन मार्ग उरतात. तुमच्या वर्णनावरून सासूबाईंची दाढ या दुसऱ्या प्रकारातली वाटते. तिच्याबद्दल दोन्ही डॉक्टर आपापल्या परीनं बरोबर असू शकतात. एकानं वाचवायचा मार्ग सांगितला, दुसऱ्यानं काढायचा.

प्रश्न उरतो तो बाकीच्या सहा दातांचा. तिथं दोघांनीही एकेक पायरी गाळली आहे, असं मला वाटतं.

सगळ्या तोंडाचा मोठा एक्स-रे जबड्याचा अंदाज घ्यायला चांगला. अक्कलदाढ कशी आडवी आहे, हाड किती झिजलंय, हे त्यात दिसतं. पण एकेका दाताची कीड किती खोल गेली हे त्यावरून पक्कं ठरवू नये. त्यात शेजारचे दात एकमेकांवर चढलेले दिसतात. त्यासाठी तोंडात ठेवून काढायचा छोटा एक्स-रे लागतो. तेव्हा सात दातांचं रूट कॅनाल सांगणाऱ्यांनी निदान संशयाच्या दातांचे तरी छोटे एक्स-रे दाखवायला हवे होते. दुसऱ्यांनी तर नुसतं डोळ्यांनी बघितलं. दोन दातांच्या फटीतली कीड डोळ्यांना कितीतरी वेळा दिसतच नाही. खर्च कमी सांगितला म्हणून त्यांचं निदान बरोबर ठरत नाही. लोक इथंच चुकतात. जास्त पैसे सांगणारा लुबाडणारा आणि कमी सांगणारा देवमाणूस, अशी वाटणी करून मोकळे होतात. कमी खर्चात चुकीची दाढ काढली गेलेली मी पाहिली आहे, आणि काढलेली दाढ परत बसत नाही.

छोटा एक्स-रे तुम्हालाही वाचता येईल, अवघड नाही. दाताचं वरचं कवच सगळ्यांत पांढरं दिसतं, त्याच्या आतला भाग जरा करडा, आणि मधोमध नसेची जागा काळपट पट्ट्यासारखी. कीड काळी दिसते. काळेपणा वरच्या कवचातच असेल तर फ्लोराइड लावून, नीट ब्रश करून, गोड कमी करून तो तिथंच थोपवता येतो. आतल्या भागात शिरला असेल तर दात भरावा लागतो. मधल्या पट्ट्याला टेकला असेल तर रूट कॅनालची भाषा सुरू होते. मुळाच्या टोकाशी गोल काळी सावली असेल तर नस मेलेली असण्याची आणि संसर्ग हाडात उतरल्याची शक्यता मोठी. अर्थात सावल्या फसवतातही. म्हणून डॉक्टर दातावर ठोकून बघतात, गार लावून बघतात. पण डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून ‘ही कीड, ही नस, एवढं अंतर’ असं दाखवलं, तर तुम्हाला ते नक्की समजेल. आणि दाताच्या खाचेतली प्रत्येक काळी रेघ म्हणजे कीड नसते. चहा, तंबाखू, मिश्रीचे डागही तसेच दिसतात.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. दवाखाना काढला तेव्हा खुर्ची आणि एक्स-रे मशीन कर्जावर घेतलं होतं. हप्ता दर महिन्याच्या सात तारखेला जायचा. दोनेक वर्षांनी जुनी कार्डं चाळताना माझ्या लक्षात आलं की महिनाअखेरीला मी कॅप जास्त सांगत होते. कुणाला फसवायचं मनात नव्हतं. पण कीड नसेपर्यंत पोचली आहे की नाही हे जेव्हा काठावर असतं, तेव्हा मन हप्त्याच्या बाजूनं झुकतं, आणि झुकलेलं आपल्याला कळत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी एक रीत घातली. शंकेचा दात असेल तर त्याच दिवशी त्याला हात लावायचा नाही. एक्स-रेची ती छोटी फिल्म पंख्याखाली वाळवून पाकिटात घालायची, कुठल्या दाताला काय आणि का ते कागदावर लिहायचं, आणि पाकीट पेशंटच्या हातात द्यायचं. वाटलं तर दुसरीकडे दाखवून या म्हणायचं. माझं निदान दुसरा डॉक्टर बघणार आहे एवढी जाणीव असली की माझाच हात नीट चालायचा.

म्हणून माझ्या मते भरवशाचा डॉक्टर म्हणजे आपलं काम दुसऱ्याला तपासू देणारा डॉक्टर. गोड बोलणं, एसी, भिंतीवरच्या फ्रेमा, दवाखान्याबाहेरची गर्दी, यांतलं काहीच त्याची खूण नाही. तुम्ही ‘एक्स-रेची प्रत मिळेल का, लिहून द्याल का, एकदा दुसरीकडे दाखवते’ असं म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते बघा. जो लगेच मोबाइलवर एक्स-रे पाठवतो आणि कागद देतो, त्याच्याकडे परत जायला हरकत नाही. जो चिडतो किंवा ‘मग तिकडंच करा’ म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका, मग त्याची फी कितीही कमी असो.

प्रत्येक दाताला एक प्रश्न विचारा : ‘या दाताला आज काहीच केलं नाही, तर सहा महिन्यांत काय होईल?’ प्रामाणिक डॉक्टर सातही दातांना एकच उत्तर देणार नाही. एखाद्याला म्हणेल, ही दाढ आठवडाभरात सुजेल. दुसऱ्याला म्हणेल, भरली नाही तर वर्षभरात नसेपर्यंत जाईल. तिसऱ्याला म्हणेल, काही होणार नाही, लक्ष ठेवू. ‘काही करू नका’ हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं, त्याच्या ‘हे करा’वर मी विश्वास ठेवते. दवाखाना बंद केल्यावर माझ्याच एका दाढेला बारीक तडा गेला. मी ज्या तरुण डॉक्टरकडे गेले त्यानं दाढेखाली काडी चावायला लावून बघितलं, एक्स-रे काढला आणि म्हणाला, मॅडम, आत्ता राहू द्या, तीन महिन्यांनी या. मी त्याची पेशंट झाले ती त्या वाक्यामुळे.

‘आजच भरा, पाच हजार सूट’ याचं काय करायचं, तर काहीच करू नका. सासूबाईंच्या सात दातांची कीड एका रात्रीत वाढणार नाही. मात्र गालावर सूज, ताप, गिळायला त्रास, तोंड उघडत नाही, यांतलं काही झालं तर चार ठिकाणी विचारत फिरू नका. जवळ जो डॉक्टर असेल त्याच्याकडे किंवा सरळ मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात त्याच दिवशी जा.

तुम्हाला दुसरं मत स्वस्तात मिळण्याची सोय वाटेवरच आहे. तासगावहून सांगलीला येताना कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे आणि सांगली-मिरज रस्त्याला भारती विद्यापीठाचं. तिथं दातांच्या सगळ्या शाखा एका छपराखाली असतात. काम शिकणारी मुलं करतात, पण शिक्षक तपासतात, आणि माझ्या लेखी तेच त्याचं मोल. वेळ लागतो, हेलपाटे पडतात. सकाळी लवकर जा, जुना एक्स-रे बरोबर न्या, आणि पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते आधी सांगू नका. आधी त्यांना बघू द्या, मग विचारा.

पैशांचंही मोकळेपणानं बोला. सगळं एकदम करायची गरज क्वचित असते. ठणकणारी दाढ आधी, भरायचे दात नंतर, कॅप बेदाण्याचे पैसे आल्यावर, असं टप्प्याटप्प्यानं लिहून मागा. फक्त एक लक्षात ठेवा : रूट कॅनाल केलेली दाढ कॅपशिवाय वर्षानुवर्षं ठेवू नका. ती ठिसूळ झालेली असते, भाकरीच्या कडक पापुद्र्यानंही तुटू शकते.

आणि सासूबाईंना माझा निरोप सांगा. सगळे दात काढून कटकट जात नाही, नवी येते. दात काढले की जबड्याचं हाड वर्षागणिक झिजत जातं आणि खालची कवळी बसेनाशी होते. आपल्या मुळावरचे चार दात जरी घट्ट राहिले तरी पुढची कवळी त्यांच्या आधारानं छान बसते. एकही दात काढण्याआधी बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, एखाद्या औषधाची ॲलर्जी, हे डॉक्टर विचारतात का ते बघा. न विचारता इंजेक्शन हातात घेणाऱ्यापुढे तोंड उघडू नका. आणि रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : मी साताऱ्यात नोकरी करतो, वय २७. पोवई नाक्याच्या परिसरातच कितीतरी पाट्या दिसतात. नावापुढे इतकी अक्षरं असतात की काही कळत नाही. मी इंटरनेटवरचे तारे बघून जातो. ते बरोबर आहे का? रूट कॅनाल एमडीएसकडूनच करावं का?

उत्तर : बीडीएस म्हणजे इंटर्नशिप धरून पाच वर्षांची पदवी, एमडीएस म्हणजे त्यापुढची तीन वर्षं एकाच शाखेत. १९४८च्या डेंटिस्ट्स ॲक्टनं दातांच्या डॉक्टरला राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी बंधनकारक केली, आपल्याकडे ती महाराष्ट्र राज्य दंत परिषद. नोंदणी क्रमांक पाटीवर किंवा चिठ्ठीवर असतो. दिसला नाही तर विचारा, त्यात संकोच कसला? बाकीच्या अक्षरांतली काही चार दिवसांच्या शिबिरांचीही असतात. शिबिराला जाणं चांगलंच, पण ती पदवी नव्हे.

एमडीएसच्या शाखा वेगवेगळ्या आहेत हे मात्र लोक विसरतात. दात सरळ करण्यात एमडीएस झालेला डॉक्टर रूट कॅनालचा तज्ज्ञ नसतो. हिरड्यांचा वेगळा, लहान मुलांचा वेगळा, कवळी-कॅपचा वेगळा, जबड्याच्या शस्त्रक्रियेचा वेगळा. साधं रूट कॅनाल अनुभवी बीडीएस उत्तम करतात. मागची दाढ, वाकडी मुळं, किंवा आधी एकदा बिघडलेलं काम असेल तर रूट कॅनालच्याच तज्ज्ञाकडे जा. चांगला बीडीएस तुम्हाला आपणहून पाठवतो.

आपल्याकडे लहान दवाखान्यांत तज्ज्ञ ठरलेल्या वारी कोल्हापूर-पुण्याहून येतात. ही सोय चांगली आहे, मात्र आधी तीन गोष्टी विचारून ठेवा : माझं काम नक्की कोण करणार, त्यांचं नाव काय, आणि ते गेल्यावर रात्री दुखलं तर फोन कुणाला करायचा. काम करताना दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात का, हेही बघा. त्यानं थुंकी दातात जात नाही आणि बारीक सुई घशात जायची भीती राहत नाही. काम झाल्यावरचा एक्स-रे मागून घ्या. नळीतलं भरण मुळाच्या टोकाच्या जवळ पोचलेलं त्यात दिसायला हवं.

ताऱ्यांवरून पार्किंग आणि रिसेप्शन कळतं. ते बघायचेच असतील तर एक-दोन तारे देणाऱ्यांचं लिखाण वाचा. काम बिघडल्यावर डॉक्टर काय वागले, हे त्यात असतं. काम कुणाचंही कधीतरी बिघडतं, माझंही बिघडलं आहे. पेशंट परत आल्यावर दार उघडं होतं का, एवढंच मी बघेन.

प्रश्न : मिरजेची आहे. दवाखान्यातल्या अवजारांतून कावीळ होते असं ऐकलं. स्वच्छता आम्हाला कशी कळणार? सगळं आत असतं.

उत्तर : काविळीचे बी आणि सी हे प्रकार रक्तातून पसरतात, तेव्हा तुमची भीती रास्त आहे. अवजारं नुसती उकळून निर्जंतुक होत नाहीत, चिवट जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यात टिकतात. ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे वाफेच्या दाबावर १२१ अंशाला किमान १५ मिनिटं, किंवा १३४ अंशाला त्याहून कमी वेळ. तुम्हाला आत जायची गरज नाही. अवजारं बंद पाकिटात येतात, ते तुमच्यासमोर फोडतात की नाही ते बघा. पाकिटावरची खूण वाफ लागल्यावर रंग बदलते, ती बदललेली हवी. दात कोरायचं मशीन तोंडात फिरतं, तेही प्रत्येक पेशंटला ऑटोक्लेव्हमधून आलेलं हवं. नुसतं स्पिरिटनं पुसून चालत नाही. सुई नवी हवी. आणि हातमोजे घालून फोन उचलला, ड्रॉवर उघडला, नंतर तोच हात तोंडात घातला, असं झालं तर थांबवा. म्हणा, ‘डॉक्टर, ग्लोव्ह्ज बदलाल का?’ माझ्या दवाखान्यात एका शाळकरी मुलीनं मला असंच थांबवलं होतं. तिचं बरोबर होतं, आणि त्यानंतर मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला.

प्रश्न : जत तालुका. आई ५२ वर्षांची, लहानपणापासून मिश्री लावते. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, मध्ये फोड आलाय, महिना झाला. डॉक्टरांनी दात साफ करून दिले, चट्ट्याबद्दल काही बोलले नाहीत. डॉक्टर बदलावा का?

उत्तर : दादा, डॉक्टर बदला, आणि पुढच्या महिन्यात नाही, याच आठवड्यात. तोंडातला फोड किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती तज्ज्ञाला दाखवायचीच, हा नियम आहे. तुमच्या आईला महिना झाला. घाबरवत नाही, असे चट्टे बरेचदा साधे निघतात. पण ते नुसतं बघून ठरत नाही. बारीक तुकडा काढून तपासावा लागतो.

मिश्री, मावा, गुटखा खाणाऱ्या माणसाचे दात साफ करून जो डॉक्टर गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा बघत नाही, त्याचं बाकीचं काम कितीही सुबक असलं तरी मी त्याच्याकडे माझ्या घरच्या माणसाला पाठवणार नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तरीही तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत अशी विशी-पंचविशीची मुलं मी खुर्चीत बसवली आहेत. एकदा पलूसकडची एक बाई कवळीचं माप द्यायला आली होती. दुखत काहीच नव्हतं. आरसा फिरवताना जिभेच्या कडेला हरभऱ्याएवढं कडक काहीतरी दिसलं. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला, लवकरचा होता. ऑपरेशन झालं आणि पुढची नऊ वर्षं ती दर सहा महिन्यांनी येत होती.

तुम्ही आईला दंत महाविद्यालयातल्या मुखरोग विभागात न्या किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात. जाताना चट्टा केव्हापासून आहे, फोड केव्हा आला, तिखट झोंबतं का, कान दुखतो का, मानेला गाठ लागते का, हे कागदावर लिहून न्या. मिश्री आजपासून बंद. त्यांना ओरडू नका. चाळीस वर्षांची सवय आहे, आणि ओरडलं तर त्या चोरून लावतील आणि फोड लपवतील. तपासणीला स्वतः बरोबर जा, तुकडा तपासायला दिला की त्याचा कागद हातात घ्या, आणि त्यावर काय लिहिलंय ते मला कळवा. मासिकाच्या पत्त्यावर लिहिलंत तरी पत्र माझ्यापर्यंत पोचतं.